फुगडीचा दावा

"पुन्हा एकदा लावा," मी म्हणाले.

बाबर वकिलांनी लॅपटॉपवर बोट आपटलं. पडद्यावर परत तोच हॉल, तीच मंगळागौर, आणि नऊवारी नेसलेली मी, हात पुढे करून मागच्या खुर्च्यांकडे निघालेली. स्वतःची पाठ इतकी रुंद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"इथं थांबवतो. आता या काकू काय म्हणतायत?"

"नको म्हणतायत."

"आणि तुम्ही काय करताय?"

"हसतेय."

"हात काय करतायत तुमचे, ताई?"

"त्यांचा हात ओढतायत."

"हां. आता परत नको. परत तुमचं ओढणं. आणि हे बघा, तिसऱ्यांदा पण नको. झालं, उठल्या." त्यांनी चित्र तिथंच थांबवलं. "पुढचं काय बघायचं नाही. ते कोर्ट बघंलच."

पुढचं मला न बघताही पाठ होतं. आम्ही दोघी फुगडीला उभ्या राहिलो, गरगर फिरलो, बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि हात सुटले. मी मागच्या बायकांच्या मांड्यांवर जाऊन आदळले. शालूकाकू फरशीवर. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज येतो म्हणतात. मला आला नाही. मला फक्त टाळ्या थांबल्याचा आवाज आला.

आमचा अबोली ग्रुप. लोक मंगळागौरीला बोलवतात, आम्ही आठ-दहा जणी जाऊन झिम्मा, फुगड्या, लाट्या बाई लाट्या असं सगळं खेळतो, मानधन घेतो आणि रिक्षा करून घरी येतो. कुठं नोंदणी वगैरे नाही. सुपारी मी घ्यायची, गाणी मी बसवायची, म्हणून दाव्यात प्रतिवादी मी एकटी. 'माणिक गजानन सबनीस, वय प्रौढ, धंदा मंगळागौर.' हे वाचून मला हसू आलं होतं. पुढचं वाचून ते गेलं. शालिनी वैशंपायन यांनी वारंवार स्पष्ट नकार देऊनही प्रतिवादीने त्यांना बळजबरीने ओढून खेळवले, त्यांच्या वयाची काळजी घेतली नाही, आणि फुगडीच्या वेगात त्यांचा हात सोडून दिला. भरपाईचा आकडा वाचला आणि मी कागद पालथा ठेवला. माझ्या नावावर विकण्यासारखी एकच वस्तू होती, आणि मी तीत राहत होते.

"सरळ आहे बगा," बाबर म्हणाले. ते तासगावकडचे, कोर्टात पुस्तकी बोलायचे आणि ऑफिसात घरच्यासारखे. "माणूस स्वतःहून खेळात उतरला, तर खेळातला धोका त्यानं पत्करला असं कायदा म्हणतो. कबड्डी खेळताना गुडघा फुटला म्हणून कोण समोरच्यावर दावा लावत नाही. पण स्वतःहून, हां. ओढून नेलं तर ते सगळं तुमच्या अंगावर. म्हणजे काकूंचं नको खरं होतं का लटकं, यावर आपलं सगळं हाय."

"आणि हात?"

"ते दुसरं. हात तुम्ही सोडला का त्यांचा सुटला? कोर्ट विचारंल. काय सांगणार?"

मी माझ्या हाताकडे बघितलं. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

"असं पिंजऱ्यात म्हणू नका म्हंजे झालं."

पण मला खरंच माहीत नव्हतं. वर्षभर मी दुसरं काही केलंच नव्हतं म्हणा. भाजी चिरताना, झोपायला आडवी झाल्यावर, मी ती फुगडी मनात फिरवायचे. कधी वाटायचं, माझीच पकड घामाने ढिली झाली. कधी वाटायचं, नाही, मी घट्ट धरलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, काकू खरंच नको म्हणत होत्या का? कारण आमच्यात पहिल्या हाकेला कोण उठतं? आजवर हजार बायका मी खेळायला उठवल्या असतील. पहिल्यांदा विचारल्यावर "हो चला" म्हणणारी एकही भेटली नाही. नको गं, पाय दुखतात, नको गं, काहीतरीच काय, आणि मग ओढलं की पदर खोचून अशा सुटतात की आम्ही दमतो. त्यातून काकू मागच्या खुर्चीवर. मंगळागौरीला मागच्या खुर्च्यांवर कोण बसतं ते सांगायला नको. मीही त्याच रांगेतली, माझे यजमान गेले तेव्हा मी चाळिशीची होते. म्हणून मी पुढच्यांना एकदा विचारायचे आणि मागच्यांना सोडायचेच नाही.

शालूकाकूंचं घर आमच्या घरासमोरच. गल्ली एवढी अरुंद की त्यांनी फोडणी घातली की मला ठसका. पडल्यावर मिलिंदने, त्यांच्या मुलाने, त्यांना ऑपरेशनला पुण्याला नेलं आणि घराला कुलूप लावलं. दाव्यापायी बोलणं बंद. पण गल्लीत बातम्या कुलूप उघडूनच फिरतात. त्यांच्या कामवाल्या सुरेखाने मला सांगितलं, की आजी आता काठी घेऊन चालतात, आणि मिलिंददादांनी कबूल केलंय, दिवाळीपर्यंत ठीक चाललीस तर सांगलीला परत नेऊन सोडीन. "रंगाऱ्याला पण बोलवलंय. आजी रोज फोनवर विचारतात, आला का, आला का."

मला बरं वाटलं, पण लगेच दुसरा विचार आला. परत येणार म्हणजे समोरासमोर राहणार. मी हरले तर माझं घर जाणार, जिंकले तर रोज सकाळी कडी उघडताना त्यांचं तोंड बघायचं.

मिलिंदने आईकडून मुखत्यारपत्र घेऊन स्वतःच साक्ष द्यायची ठरवली होती. बाबरांनी हरकत घेतली. मुलगा हॉलमध्ये नव्हता, जे बघितलं नाही त्याची साक्ष तो कशी देणार, काकूंनाच यावं लागेल.

"तुम्ही त्या म्हातारीला पिंजऱ्यात उभी करणार?" मी विचारलं.

"मी नाही ओ, कायदा करतोय. आणि ताई, दावा त्यांचा हाय, आपला नाही."

"त्यांचा नाही. मुलाचा आहे."

"सही त्यांची हाय," बाबर म्हणाले.

साक्षीच्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही एका बाकावर, समोरच्या बाकावर काकू, मिलिंद आणि त्यांचे वकील मगदूम. काकू वाळल्या होत्या. उजव्या हातात काठी, डावा हात पदराखाली. मिलिंद त्यांच्या पायाखाली आपली बॅग सारून देत होता, पाय टेकायला. त्याच्याकडे बघून राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं. माझ्याशी एकदाच बोलला होता, दाव्याच्या आधी, फोनवर. "माणिकताई, माझी आई चालती बोलती गेली आणि स्ट्रेचरवर आली. कुणाची तरी चूक असणारच ना?"

काकूंनी मला बघितलं आणि बाकावरून पुढे झुकल्या.

"माणिक, आमच्या मागच्या नळाचं गळणं थांबलं का गं?"

"सुरेखाने चिंधी बांधलीय, काकू."

"चिंधीने काय होतंय? वायसर बदलायला सांग. दिवाळीत मी—"

"काकू, बोलायचं नाही त्यांच्याशी," मगदूम वकील म्हणाले.

"नळाबद्दल पण नाही?"

"कशाबद्दलच नाही."

काकू मागे टेकल्या आणि दुखावल्यासारखा चेहरा करून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसल्या. तेवढ्यात चहावाला आला. मगदूमांनी विचारलं, काकू, चहा? नको हो, काकू म्हणाल्या. घ्या की, अर्धा. नको, कशाला उगीच. मगदूमांनी कप हातात दिला, आणि काकूंनी काठी मांडीवर ठेवून तो संपवला. माझ्या शेजारी बाबर एकदम ताठ बसले. कोटाची बटणं लावायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाही," ते म्हणाले. "देवानं दिलं."

न्यायाधीश एक तरुण बाई होत्या, केस घट्ट बांधलेले, सर्दी झालेली. काकूंना त्यांनी खुर्ची द्यायला लावली. शपथ झाली. मगदूमांनी कागदपत्रं दाखवली, सह्या ओळखून घेतल्या आणि खाली बसले. बाबर उठले. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"काकू," बाबर आपल्या कोर्टाच्या मराठीत म्हणाले, "तुमच्या घरी पाहुणा आला आणि चहा नको म्हणाला, तर तुम्ही काय करता?"

"आधण ठेवते."

"का? तो तर नको म्हणतोय."

"म्हणेलच ना. पहिल्यांदा कोण हो म्हणतं?"

"मघाशी बाहेर मगदूम साहेबांनी तुम्हाला चहा विचारला. तुम्ही काय म्हणालात?"

मगदूम उभे राहिले. "हरकत आहे. चहाचा आणि खुब्याचा संबंध काय?"

"बघू या," न्यायाधीश बाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "आजी, उत्तर द्या."

"नको म्हणाले."

"आणि मग?"

"घेतला. आलं कमी होतं."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाईंनी टंकलेखकाला सांगितलं, "घ्या. 'हे म्हणणे खरे आहे की मी प्रथम नकार देऊन नंतर चहा घेतला.'" टंकलेखकाने ते खाडखाड उमटवलं, आल्याचं तेवढं वगळून.

"म्हणजे मंगळागौरीच्या दिवशी," बाबर सावकाश म्हणाले, "माणिकताईंना तुम्ही नको म्हणालात, तेही असंच होतं. तुम्हाला खेळायचं होतं."

मिलिंद त्यांच्या मागच्या बाकावर होता, तो पुढे सरकला. मला खोकला आला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"खेळायचं होतंच की," काकू म्हणाल्या. "हे गेल्यापासून मला फुगडीला कुणी विचारलं नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवतात, वाण देतात, बसा म्हणतात. उठा कुणी म्हणत नाही. ही म्हणाली. मी मनात म्हटलं, लगेच उठले तर बरं दिसत नाही, आणखी एकदा म्हणू दे."

बाबरांनी माझ्याकडे न बघता मान डोलावली. "एवढंच विचारायचं होतं, मॅडम. माझे प्रश्न संपले." आणि ते बसले.

"थांबा की," काकू म्हणाल्या. "माझं बोलून कुठं झालंय?"

"आजी, त्यांनी विचारलेलं झालं," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"त्यांचं झालं असेल. मी शपथ घेतलीय ना? अर्धं सांगून कसं चालेल?"

बाईंनी रुमाल खाली ठेवला. "बोला."

"आधीचं नको चहासारखं होतं. शेवटचं खरं होतं."

मगदूमांनी पेन उचललं. बाबर खुर्चीत किंचित खाली घसरले, तेवढ्यानेच मला कळलं की आपण बुडालो. डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली, त्यांनी नको म्हटलं होतं आणि मी हसत होते.

"शेवटचा नकार खरा होता," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "मग तो वेगळा का नाही दिला? जोरात का नाही बोललात?"

"जोरात बोलले असते तर हिने कारण विचारलं असतं. हिला मी ओळखते, विचारल्याशिवाय सोडत नाही." काकूंनी माझ्याकडे हात केला, कौतुकाने की तक्रारीने ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "हिने माझा हात धरला तेव्हा मला आठवलं, या हाताला हल्ली काही धरवत नाही. डाव्या. दुधाचं पातेलं सुटायचं. किल्ली सुटायची. सुरेखाला सांगायचे, मांजराने पाडलं. आता मांजर कुठलं आमच्याकडे? मग मी परत नको म्हणाले. पण हसतच म्हणाले, आधीच्यासारखंच. तिला कसं कळावं? समोर आरसा असता तर मला तरी कळलं असतं का?"

"फुगडीत हात कुणाचा सुटला?"

"माझा. हिने धरलेला होता. माझी बोटं आपोआप सरळ झाली."

मिलिंद उभा राहिला होता, त्याला शिपायाने खांद्याला धरून खाली बसवलं.

"हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाही? मुलाला?"

"पाय मोडला होता ना, सगळे पायच बघत होते. वॉकर मी मनगटावर रेटत नेला, कुणाच्या लक्षात आलं नाही."

"पण का नाही सांगितलं?"

काकूंनी पदराखालून तो हात काढून मांडीवर ठेवला. दुसऱ्याच्या घरची वस्तू सांभाळून ठेवावी तसा.

"सांगितलं असतं तर हा मला पुण्याला घेऊन गेला असता. एकटी राहू नकोस म्हणाला असता. नेलंच म्हणा शेवटी. पण पायासाठी नेलं तर पाय बरा झाल्यावर परत आणतात. हाताचं कळलं असतं तर कशाला आणलं असतं?"

न्यायाधीश बाई टंकलेखकाकडे वळल्या, काही सांगायला तोंड उघडलं आणि थांबल्या. टंकलेखकाची बोटं तशीच अधांतरी. मग त्या एकेक शब्द तोलून बोलल्या, "'शेवटी दिलेला माझा नकार खरा होता. परंतु तो वेगळा दिसेल असे मी काही केले नाही. माझ्या डाव्या हाताच्या अशक्तपणाची माहिती मी प्रतिवादीला दिली नव्हती.' आजी, असंच ना?"

"असंच," काकू म्हणाल्या. "तुम्ही बरं मांडलंत."

बाबर माझ्या कानाशी लागले. "ताई, सुटलो. धोका ज्याला माहीत त्यानंच लपवला, तर दुसऱ्याची चूक कशी काढणार? आता हा दावा उभा राहत नाही." आणि तसंच झालं. पुढच्या काही तारखांत मिलिंदने दावा मागे घेतला. माझं घर राहिलं, ग्रुप राहिला, आजही श्रावणात आम्हाला बोलावणी येतात. बाबर दर वर्षी कुणाला तरी ही केस सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात ती चहापाशी संपते.

माझ्यासाठी ती व्हरांड्यात संपली. मी बाहेर आले तेव्हा काकू त्याच बाकावर होत्या, आणि मिलिंद त्यांच्यासमोर फरशीवर उकिडवा बसला होता, इस्त्रीच्या पँटीत. मगदूम लांब जाऊन फोनवर बोलत होते. मी दारातच थांबले.

"डावाच ना?" मिलिंदने विचारलं.

काकूंनी डावा हात पुढे केला. त्याने तान्ह्या बाळाच्या मुठीत द्यावीत तशी आपली दोन बोटं त्यांच्या तळव्यात ठेवली, आणि काकूंची बोटं आपल्या बोटांवर मिटवली.

"दाब बघू," तो म्हणाला.

काकू त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. तो हाताकडे बघत होता.

"आई, दाब ना."

"दाबतेच आहे रे," काकू म्हणाल्या.